सुतार, लोहार, कुंभार, तांबट: कारागीर घराण्याच्या पिढ्या जुन्या दफ्तरांतून कशा शोधाव्यात

देशमुख, देशपांडे, पाटील यांच्या घराण्यांचा इतिहास शोधायचा तर वाट मळलेली असते. त्यांच्याकडे सनदा असतात, वतनाचे कागद असतात, भाऊबंदांच्या भांडणांचे करीने, म्हणजे लेखी हकिगती, असतात. हत्यारावर पोट असलेल्या घराण्याकडे यातलं फारसं काही नसतं. म्हणून आपल्याकडे समजूत रुजली आहे की लोहार-सुतार-कुंभारांचा इतिहास कुठे लिहिलेलाच नाही. ही समजूत खरी नाही. नांगराचा फाळ, मोटेचं चाक, पाण्याचा रांजण यांच्याशिवाय गाव चालत नव्हतं, आणि ज्याच्याशिवाय गाव चालत नाही त्याचं नाव गावच्या कागदांत कुठे ना कुठे येतंच. फक्त ते जमीनदाराच्या रकान्यात नसतं. कुठल्या रकान्यात असतं, ते माहीत हवं.

आमचं घराणं लोहाराचं. घरात पणजोबांच्या पुढचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आज सात पिढ्यांची नावं कागदानिशी हाताशी आहेत. त्यासाठी जे करावं लागलं आणि जे करण्यात वेळ गेला, ते दोन्ही इथे सविस्तर लिहिते आहे. एक सूत्र मात्र आधीच सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे: आडनावाच्या मागे जाऊ नका. नाव, बापाचं नाव, गाव आणि कसब या चार गोष्टी एकत्र धरा. चारांपैकी तीन जुळल्या की थांबून नीट बघा. एकच जुळली तर ती नोंद सोडून पुढे चला.

सुरुवात घरातून, पण योग्य प्रश्नांनी

म्हाताऱ्या माणसांना "आपले पूर्वज कोण?" असं विचारलं तर उत्तर येत नाही. त्यांना असं विचारा: "कुणाकुणाचं सुतक आपल्याला धरायचं?" या प्रश्नाने माझ्या आत्याने एका दमात चार गावांतली अकरा घरं मोजली. नातं काय ते तिला सांगता येत नव्हतं, पण कोण वारलं की दहा दिवस धरायचे हे पक्कं माहीत होतं. सुतक एका बापाच्या वंशात चालतं, म्हणजे ती अकरा घरं एकाच मूळ पुरुषाची. पुढे त्यांतल्या एका घरातूनच मला सर्वांत जुना कागद मिळाला.

दुसरा प्रश्न कुलदैवताचा आणि देवकाचा. घराणं गाव सोडून गेलं, आडनाव बदललं, तरी कुलदैवत सहसा बदलत नाही. तिसरा प्रश्न: लग्नात आहेर कुणाकुणाचा आला? जुन्या घरांत आहेराच्या वह्या किंवा सुटे कागद ट्रंकेच्या तळाशी असतात. त्यात माणसाचं नाव, गाव आणि लुगडं, धोतर की रोख, एवढंच लिहिलेलं असतं. पण एका वहीत पन्नास सोयऱ्यांची गावं एकाच तारखेला गोळा झालेली असतात. इतकं नेमकं टिपण दुसरं कुठलंच दफ्तर देत नाही.

घरातली तांब्या-पितळेची भांडीही उलटीपालटी करून बघा. पातेल्याच्या काठावर ठोक्यांनी नाव घातलेलं असतं, कधी सोबत साल. आजोळच्या घंगाळावर आजोबांच्या वडिलांचं नाव आणि गावाचं पहिलं अक्षर मिळणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. शिवाय घराण्यातल्या कुणी देवळाचं सभामंडप, रथ, वाड्याचा दरवाजा घडवला असल्याची आठवण असेल तर तिथे जाऊन तुळईवर किंवा उंबऱ्याजवळ नाव कोरलेलं आहे का ते पाहा. सापडलं तर तिरपा प्रकाश पाडून फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारला तर कोरीव अक्षरं पुसट होतात.

प्रत्येक आठवण लिहिताना कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं, हे बाजूला टिपा. दोन वर्षांनी दोन आठवणी एकमेकींना छेद देतात, तेव्हा हे टिपण लागतं.

आडनावाचा घोळ आधी समजून घ्या

कारागीर घराण्यांत आजचं आडनाव फार जुनं असेलच असं नाही. गावात असताना कागदावर नुसतं "सुतार" किंवा "लोहार" लिहिलं जाई. तेच जातीचं नाव, तेच धंद्याचं आणि तेच आडनाव. गाव सोडून शहरात आलेल्याने शाळेत घालताना गावाला "कर" जोडून आडनाव दिलं. कुणी पांचाळ लावलं, कुणी मूळ कुळाचं नाव पुन्हा उचललं. सख्खे भाऊ दोन वेगळी आडनावं लावतात, अशी घरं मी स्वतः पाहिली आहेत.

आमच्या शोधात सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. जवळजवळ वर्षभर आम्ही आजचं आडनाव घेऊन महसुली कागद चाळत होतो आणि हाती काही येत नव्हतं. ते आडनाव पणजोबांच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी पहिल्यांदा कागदावर आलं होतं. त्याआधी ते अस्तित्वातच नव्हतं. म्हणून पहिल्या दिवशीच एका कागदावर सगळ्या शक्यता लिहा: आजचं आडनाव, जातीचं नाव, गावावरून होणारं आडनाव, कुळाचं नाव आणि लोक घराला कशावरून ओळखत ते. मग प्रत्येक नोंदवही या सगळ्या नावांनी चाळा.

नावांचंही तसंच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे एकाआड एक पिढीत तेच नाव येतं. समजा, एका कागदात "राघू बिन भिवा" (भिवाचा मुलगा राघू) आहे आणि दुसऱ्यात "भिवा बिन राघू". यातला बाप कोण आणि मुलगा कोण, हे साल लावल्याशिवाय ठरत नाही. शिवाय राघू, रघुनाथ, राघोजी ही एकाच माणसाची तीन रूपं असू शकतात.

शाळेचं रजिस्टर आणि गाव नमुना १४

बाहेरच्या कागदांत पहिला दरवाजा शाळेचा. गावच्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यालाच दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. बऱ्याच शाळांची रजिस्टरं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे जातात. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण मिळतं, काही ठिकाणी पालकाचा धंदाही. कारणाचा रकाना वाचायला विसरू नका. "परगावी गेल्याने" असं असेल तर घराणं कधी हललं ते कळतं. "धंद्यास लागला" असेल तर मूल कोणत्या वयात भात्यावर बसलं ते. जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिलेल्या तारखा भरपूर आहेत. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आपल्या एका माणसाचा उतारा मागा, आणि रजिस्टर समोर आलंच तर त्याच जातीची, त्याच गावची आसपासची मुलंही टिपून घ्या. चुलत घराणी अशीच सापडतात.

दुसरा दरवाजा गाव नमुना नंबर १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा, १ एप्रिल १९७०पासून लागू झालेला. त्याआधीच्या नोंदी गावपातळीवर होत आणि त्या जुन्या वह्या आता बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. विदर्भात अशाच नोंदी कोतवाल बुकात सापडतात. नगरपालिकेच्या हद्दीत जन्म-मृत्यू विभागाकडे विचारायचं.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. "मुलगा" किंवा "मुलगी", बापाचं नाव, जात, तारीख, एवढंच. म्हणून जन्माच्या नोंदी बापाच्या नावाने चाळायच्या. मृत्यूच्या नोंदी त्याहून बोलक्या असतात: नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, आजार. आजाराच्या रकान्यात पटकी, देवी, ताप, प्लेग अशी नावं येतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून तो इतरत्र पसरला. १९१८ साली इन्फ्लुएन्झाने गावंच्या गावं झोपवली. या दोन काळांत तुमच्या घराण्यातली माणसं अचानक नाहीशी झाली असतील, तर आधी मृत्यूची पानं काढा.

मी ज्या पानावर सर्वांत जास्त वेळ थांबले ते १९१८चंच. पंधरा दिवसांत आमच्या एका घरातली तीन माणसं: एक बाई, एक तान्हं मूल, आणि पस्तीस वर्षांचा पुरुष, जात लोहार. त्यानंतर त्या घराचं नाव गावच्या कोणत्याच वहीत येत नाही. उरलेला मुलगा आजोळी वाढला आणि आजोळच्या गावच्या शाळेत दाखल झाला. हे समजायला मला त्या दोन वह्या शेजारी ठेवाव्या लागल्या.

बलुतं, वतन आणि जमिनीचे कागद

"आमची जमीनच नव्हती, सात-बारा कुठला काढायचा?" असं बरेच जण म्हणतात. तरीही काढा. गावकीचं काम करणाऱ्या बलुतेदाराला पिकाच्या राशीतला वाटा मिळे, आणि कित्येक गावांत त्याशिवाय इनाम जमिनीचा तुकडाही. तो अर्धा एकर का असेना, त्याच्यामुळे घराण्याचं नाव महसुली दफ्तरात पिढ्यान्‌पिढ्या नोंदलं गेलं.

बघायचे कागद असे. गाव नमुना ३ ही दुमाला म्हणजे इनामी जमिनींची नोंदवही. तिथे इनामाचा वर्ग लिहिलेला असतो, आणि गावकामगारांची, बलुतेदारांची सेवा इनामं वर्ग ६ मध्ये येतात. गाव नमुना ६ ही फेरफार नोंदवही. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि त्यानंतर हळूहळू गावोगाव फेरफार लिहिले जाऊ लागले. माणूस वारला की वारसांचा फेरफार होतो, आणि वारसांचा फेरफार म्हणजे एका परिच्छेदात लिहिलेली वंशावळच असते. नमुन्यादाखल, अशा नोंदीची भाषा साधारण अशी असते: "भिवा राघू सुतार हे मयत. त्यांस वारस १) राघू भिवा २) बाळा भिवा, नं. २ अज्ञान, पालन करणार आई सखू कोम भिवा." चार ओळींत तीन पिढ्या आल्या, मुलांचा क्रम आला, एक भाऊ तेव्हा सज्ञान नव्हता हे कळलं, आणि एरवी कुठेच न सापडणारं आईचं नाव मिळालं.

"कोम" म्हणजे अमक्याची बायको. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही अक्षरं दिसली की समजा, नाव एकाचं असलं तरी मागे भाऊ आहेत. "तक्षीम" म्हणजे वाटा. बलुत्याच्याही तक्षिमा पडत. चार भाऊ झाले की गावातली घरं किंवा वर्षं वाटून घेत, आणि पोट भरेनासं झालं की एखादा भाऊ शेजारच्या गावी उपरी, म्हणजे वतनाचा हक्क नसलेला बाहेरचा, म्हणून जाई. वतनदार बलुतेदार आणि उपरी बलुतेदार हा फरक नीट लक्षात घ्या. तुमचं घराणं एखाद्या गावात उपरी असेल तर त्या गावात इनाम सापडणार नाही, मूळ गाव वेगळं आहे असा त्याचा अर्थ.

गावाला उपयुक्त सेवेची इनामं १९५३च्या कायद्याने रद्द झाली. शासनाकडे ठरलेली रक्कम भरून जमीन बहुतेक जुन्या धारकांकडे परत आली, आणि त्या वेळी जे फेरफार झाले त्यांत आधीच्या धारकांची नावं पुन्हा एकदा लिहिली गेली. म्हणून १९५०च्या दशकातले फेरफार एकही न सोडता वाचा. त्यांच्या मागे जायचं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात कडई पत्रक, शेतवार पत्रक, सूड हे जुन्या मोजणीचे कागद विचारा. इंग्रजी अमलातली ही मोजणी १८३६ साली इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि मग पसरली, त्यामुळे प्रत्येक तालुक्याचं पहिलं साल वेगळं.

मराठवाड्यात १९४८पर्यंत निजामाचा अंमल होता. तिथले कागद उर्दूत, फारसीत किंवा मोडीत मिळतात आणि १९५४च्या सुमाराचं खासरा पत्रक (जमिनींची नोंदवही) हा चांगला टप्पा ठरतो. विदर्भात त्याच काळातला अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, मागायचा.

तहसीलमध्ये काय मागायचं, कसं मागायचं

"आमच्या घराण्याची सगळी माहिती द्या" असा अर्ज कधीच मार्गी लागत नाही. अर्जात गाव, नमुन्याचा क्रमांक, सालापासून सालापर्यंत आणि शोधायची नावं, एवढं नेमकं लिहा. एका अर्जात एकच नमुना. नकलेसोबत शोध फी भरावी लागते, ती तिथेच विचारा. नोंद मिळत नसेल तर तसं लेखी मागा. एका कार्यालयात मला तोंडी सांगण्यात आलं की त्या गावच्या वह्या पावसात गेल्या. लेखी उत्तर मागितल्यावर पुन्हा शोध झाला आणि वही शेजारच्या गावच्या गठ्ठ्यात बांधलेली निघाली. तिथल्या कर्मचाऱ्याने मग स्वतः धूळ झटकून पानं उलटून दिली, हेही सांगायला हवं. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यात अभिलेख पाहण्याचीही तरतूद आहे. नुसती नक्कल मागण्यापेक्षा पाहणी मागितली तर हाताला जास्त लागतं.

घरबसल्याही काही काम होतं. महाभूमीच्या आपले अभिलेख संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने सात-बारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावचे जन्म-मृत्यूचे, शाळेचे, मोडीतले कागद तपासले गेले आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ती पानं चढवली गेली. शोध एका नोंदीचा असला तरी पान पूर्ण असतं. त्याच पानावर खाली-वर गावचा सुतार, कुंभार, परीटही असतो. आपलं गाव यादीत आहे का ते पाहून घ्या.

जनगणनेच्या मागे मात्र लागू नका. आकडेवारीचे अहवाल मिळतात, पण घरोघरची जुनी पत्रकं जपलेली नाहीत.

पेठेतला कारागीर

घराणं शहरातलं असेल, तांबट, कासार, साळी, शिंपी, सोनार, तर गावच्या नमुन्यांपेक्षा नगर भूमापनाचे कागद कामाचे. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) सगळे काढतात, पण तिच्या आधीची चौकशी नोंदवही मागा. मोजणीच्या वेळी अधिकाऱ्याने घरमालकाला "हे घर तुमच्याकडे कसं आलं?" असं विचारून उत्तर लिहून घेतलेलं असतं: वडिलार्जित, खरेदी, वाटणी, आणि आधारासाठी दाखवलेल्या खताचं साल. त्या सालाच्या धाग्याने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांची यादी) चाळायची आणि मूळ खत काढायचं. खरेदीखताच्या चतुःसीमा वाचा. पूर्वेला कोण, दक्षिणेला कोण. कारागिरांच्या आळीत शेजारी बहुधा भाऊबंद किंवा सोयरा असतो.

मुंबईला गिरणीत, रेल्वेच्या वर्कशॉपात, गोदीत गेलेल्या लोहार-सुतारांची सेवापुस्तकं घरात जपलेली असतात, कारण पेन्शन आणि फंड त्यावर अवलंबून असे. त्यात मूळ गाव, तालुका, अंगावरची खूण आणि वारसाचं नाव येतं. ते एक पान कित्येकदा मुंबईच्या खोलीतून थेट गावच्या भात्यापर्यंत नेतं.

मोडी, आणि त्यामागचा काळ

१८५०च्या मागे जायचं तर मोडीला पर्याय नाही. मोडीत आधी ओळभर रेघ मारतात आणि मग अक्षरं लटकवतात. शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणून पहिल्या नजरेला पान म्हणजे सलग वेलबुट्टी वाटते. पण सगळी मोडी शिकण्याआधी एक करा: आपलं गाव, आपला धंदा आणि घराण्यातली चार नेहमीची नावं जाणत्याकडून मोडीत लिहून घ्या आणि ती चिठ्ठी रोज पाहा. दोन-तीन आठवड्यांत पानावर "लोहार" शब्द आपसूक दिसू लागतो. ज्या दिवशी तो मला पहिल्यांदा दिसला, त्या दिवशी मी पानावरचं बोट उचललं नाही. आपला माणूस तिथे होता.

पूर्ण वाचनासाठी जाणकाराची मदत घ्यावी लागते. पैसे देऊन करून घेत असाल तर सारांश घेऊ नका, ओळीला ओळ लिप्यंतर घ्या, आणि न लागलेला शब्द टिंबांनी दाखवायला सांगा. सारांशात "गावचे इतर बलुतेदार हजर होते" एवढंच येतं. तुम्हाला हवं असलेलं नाव नेमकं त्या "इतर"मध्ये असतं.

पेशवे दफ्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे. कागद रुमालांत बांधलेले असतात. मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही राज्य पुरालेखागाराच्या शाखा आहेत. जाण्याआधी आपलं गाव तेव्हा कोणत्या तर्फेत, कोणत्या परगण्यात (हे तेव्हाचे महसुली विभाग) होतं ते शोधून ठेवा, कारण दफ्तर त्या नावांनी लावलेलं असतं, आजच्या तालुक्याने नव्हे. कारागिरांसाठी तीन प्रकारचे कागद मागा. मोहतर्फा, म्हणजे व्यापारी आणि कारागिरांवरचा कर, त्याच्या याद्या. खानेसुमारी आणि घरझाडा, म्हणजे घरोघरची मोजदाद. आणि महजर.

महजरावर थोडं थांबते. वतनाचा, शिवेचा तंटा गोतापुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, येई, निवाडा होई आणि त्याच्या कागदावर हजर असलेल्या पाटील, शेटे (पेठेचे प्रमुख), बलुतेदारांची नावं लिहिली जात. ज्याला लिहिता येत नसे तो सही म्हणून निशाणी करी. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, आणि कारागिराचं त्याचं त्याचं हत्यार. नावापुढे दोन रेघांत काढलेलं ते हत्यार पाहिलं की धंद्याबद्दल शंका उरत नाही. आडनाव नसलेल्या माणसाची याहून पक्की ओळख मला दुसऱ्या कागदात मिळालेली नाही.

सालं लावणं

इथे चूक झाली तर अख्खी पिढी इकडची तिकडे होते, म्हणून सावकाश करा. इसवी सन काढायला, शक असेल तर ७८ मिळवा. दख्खनी फसली (महसुली सन) असेल तर ५९०. मराठेशाहीच्या कागदांत मात्र बहुतेक वेळा सुहूर सन असतो आणि तो आकड्यात नाही, अरबी शब्दांत लिहिलेला असतो: एकं आधी, मग दहं, मग शतक, मग हजार.

उदाहरण घ्या. "सीत सबैन मया व अलफ". सीत म्हणजे ६, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. झाले ११७६. त्यात ५९९ मिळवा: १७७५. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून कागद जानेवारी ते मेमधला असेल तर ६०० मिळवून १७७६. पडताळ्यासाठी पानिपत लक्षात ठेवा: "इहिदे सितैन मया व अलफ", १ + ६० + १०० + १०००, म्हणजे ११६१, आणि लढाई जानेवारीत, म्हणून ६०० मिळवून १७६१. बरोबर बसतं.

घोटाळा होतो तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. सीत ६ तर सितैन ६०. सबा ७ तर सबैन ७०. समान ८ तर समानीन ८०. तिसा ९ तर तिसैन ९०. मोडीत घाईने लिहिलेलं असताना हे शब्द एकमेकांत सहज मिसळतात. आकडा काढल्यावर कागदातलं दुसरं काही, एखाद्या कमाविसदाराचं (महसूल अधिकाऱ्याचं) नाव, एखादा दुष्काळ, त्या सालाशी जुळतं का ते बघाच. तारखेआधी "छ" दिसला तर पुढचा महिना हिजरी आहे असं समजा.

तीर्थोपाध्याय आणि हेळवी

कागदांत साखळी तुटली की क्षेत्राच्या ठिकाणी जा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यायांच्या वह्यांत यजमानांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. तिथे पोचल्यावर मूळ गाव आणि जात सांगायची, आणि त्या गावचे उपाध्याय कोण ते विचारायचं. आजचं राहतं गाव सांगितलं तर बहुधा भलत्याच घरी पाठवलं जातं. यात्रेला आलेला माणूस आपला बाप, आजा, चुलते, भाऊ, मुलं सगळ्यांची नावं सांगे, म्हणून एका लेखात चार पिढ्या मिळू शकतात. बायकांची नावंही इथे सापडतात, कारण आई-आजीच्या नावाने पिंड दिलेले असतात. फोटो काढण्याआधी परवानगी मागा, दक्षिणा द्या, आणि आपल्या आजच्या पिढीची नावं त्या वहीत लिहून या.

कोल्हापूर-सांगलीकडच्या भागात हेळवी येतात. सुगीनंतर फिरणारे, घराण्यांची वंशावळ सांगणारे लोक. त्यांच्या सांगण्यात मूळ गाव आणि स्थलांतराचा क्रम नीट असतो. मधली एखादी पिढी गळलेली किंवा दोन भावांची नावं बाप-लेक म्हणून लागलेली असू शकते, म्हणून तो धागा धरायचा आणि कागदावर तपासायचा.

ताळा

दोन माणसं बाप-लेक म्हणून जोडण्याआधी मी तीन गोष्टी पाहते. दोघांच्या वयात साधारण पंचवीस-तीस वर्षांचं अंतर बसतं का? साठ वर्षांचं पडत असेल तर मधलं एक माणूस सुटलं आहे. गाव किंवा धंदा दोन्ही कागदांत सारखा आहे का? आणि तिसरी: त्याच नावाचा दुसरा माणूस त्याच गावात त्याच काळी होता का? ही तिसरी तपासणी सगळे टाळतात, कारण सापडलेलं नाव हातातून जाईल याची भीती असते. मीही एकदा टाळली होती, आणि चुलत घराण्याच्या तीन पिढ्या आमच्या म्हणून लिहून बसले होते. मृत्यूच्या नोंदीत "कोम"पुढे वेगळं नाव निघालं तेव्हा ते उलगडलं.

वंशावळ लिहिताना प्रत्येक नावाखाली कागदाचं नाव, गाव, साल आणि पान लिहा. कागदावर आधारलेला जोड सलग रेघेने काढा, आठवणीवरचा तुटक रेघेने. बायकांना वेगळी जागा ठेवा: नाव, माहेरचं गाव, माहेरचा धंदा. कारागिरांत सोयरिकी धंद्यातल्याच घरांत होत, त्यामुळे माहेरच्या गावची वही उघडली की कित्येकदा आपल्याच घराण्याचा पुढचा धागा तिथे मिळतो. आमच्या तक्त्यात अजून पाच ठिकाणी तुटक रेघा आहेत. त्यांतली एक पणजीच्या माहेरच्या गावाकडे जाते, आणि त्या गावच्या नमुना १४ची पाहणी मागणारा अर्ज मी गेल्या सोमवारी दिला आहे.